न पाहिलेला स्क्रू

मॅडम,

दवाखान्याच्या फाटकावर तुमचा फोटो लावला आहे. हिरवे कपडे, डोक्यावर टोपी, आणि कॅमेऱ्याकडे न बघता तुम्ही बाजूला कोणावर तरी खेकसताय. ज्याच्यावर खेकसत होतात तो मी. मला कापून टाकलं आहे. माझ्या जागी रोबोचा पांढरा हात आणून चिकटवला आहे आणि खाली हातभर अक्षरांत लिहिलं आहे : 'एकही स्क्रू चुकला नाही.'

ही ओळ तुम्ही जिवंत असताना लावायची कोणाची हिंमत नव्हती. तुम्ही गेलात आणि फ्लेक्सवाल्याला फोन गेला.

परवा तुमची शोकसभा झाली. तिथे हीच ओळ मी वाचावी असं ठरलं होतं. तिथे काय झालं ते तुम्हाला सांगायचं आहे, आणि त्यानंतर काय झालं तेही. तुम्ही शनिवारी विचारायचात तसं, सरळ, 'थोडंसं' आणि 'जवळजवळ' न वापरता.

लोक मला विचारतात, तू त्यांच्याकडे करत काय होतास? मी सांगतो, मॅडम पाठीच्या मणक्यांत स्क्रू बसवायच्या आणि ते कुठे बसले ते मी सीटी स्कॅनमध्ये पाहायचो. एवढंच. झाडावरून पडलेला, खाणीत दबलेला, मोटारसायकलवरून फेकला गेलेला माणूस यायचा. त्याच्या मोडलेल्या मणक्याच्या वर आणि खाली तुम्ही स्क्रू घालायचात आणि सळईने बांधायचात. स्क्रू ज्या हाडाच्या दांड्यातून जातो तो कित्येकदा करंगळीएवढाही नसतो. त्याच्या एका अंगाला मज्जारज्जू, खालून पायाकडे जाणारी नस. स्क्रू आतल्या बाजूला सरकला तर माणसाचा पाय जाऊ शकतो. हे सगळं मला तुम्हीच शिकवलंत. मी आलो तेव्हा मला फक्त बटणं ठाऊक होती.

राजुऱ्याच्या पेटीवाल्याचा मुलगा मी. अब्बा पत्र्याच्या पेट्या करतात, लग्नात मुलीला देतात त्या, झाकणावर गुलाब काढलेल्या. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं. डिप्लोमा करून मी तुमच्याकडे लागलो, आणि नोकरी करता करता पदवी घे म्हणून माझ्या मागे लागलात त्या तुम्ही. परीक्षेच्या दिवसांत माझी ड्यूटी बदलून द्यायला तुम्ही व्यवस्थापकांशी भांडलात. निकाल लागला तेव्हा अब्बांनी तुमच्यासाठी पेटी पाठवली. तुम्ही तिच्यात शस्त्रक्रियेतून काढलेले वाकडे, तुटके स्क्रू ठेवलेत. अब्बांना मी हे कधी सांगितलं नाही. त्यांना वाटतं तिच्यात तुमच्या साड्या आहेत.

शनिवारची ती पाहणी आठवते. आठवड्यात बसवलेले सगळे स्क्रू भिंतीवरच्या पडद्यावर. आधी तुमचे, मग इतर डॉक्टरांचे. एकेक दाखवून मी मोठ्याने सांगायचं : आत, कडेला, बाहेर. पहिल्याच शनिवारी तुमचा एक स्क्रू हाडाची भिंत फोडून बाहेर डोकावत होता. सगळे डॉक्टर बसलेले. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "मॅडम, हा थोडासा..."

"थोडासा म्हणजे किती?"

"म्हणजे... जरासा बाहेर."

"इम्तियाज, तुह्या बापाच्या पेटीचं झाकण जरासं वाकडं असलं त बसते का?"

"नाई बसत."

"मंग सांग न नीट. मी काई तुले खाऊन नाई टाकत."

मी नीट सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत आणि म्हणालात, "हा माझा आहे. पुढचा दाखव." चामोर्शीच्या शेतकऱ्याची मुलगी तुम्ही, मोठ्या शहरात शिकून येऊनही तुम्हाला हे एक जमलं नव्हतं, स्वतःची चूक इंग्रजीत गुंडाळून ठेवणं.

मग ते यंत्र आलं, स्क्रू कुठून घालायचा ते दाखवणारा रोबो. पेपरात बातमी, फाटकावर फ्लेक्स. त्या वेळी फ्लेक्सवर फक्त यंत्र होतं.

यंत्रावर माझा राग नाही, मॅडम, तुमचाही नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण सभेनंतर लोक म्हणायला लागलेत की त्या जुन्या वळणाच्या होत्या, यंत्राच्या विरोधात होत्या. पाठीचा कणा पिळवटलेल्या मुलींची हाडं तुम्ही त्याच्याच मदतीने बांधलीत. शनिवारच्या पाहणीत यंत्राचे स्क्रू तुमच्या नुसत्या हातापेक्षा बरे बसलेले दिसायचे, तेव्हा माझा चेहरा फुलायचा आणि तुम्ही म्हणायचात, "हास. हास लेका. मान्य आहे मला." पण लगेच पुढे विचारायचात, "बरे बसले हे आपल्याला कळलं कशानं?"

"सीटी केला म्हणून."

"हं. यंत्राने सांगितलं म्हणून नाही. हे विसरू नको."

नवीन डॉक्टरांना तुम्ही ते यंत्र समजवायचात ते मला पाठ आहे. पडद्यावर दिसतो तो या माणसाचा आत्ताचा कणा नाही. तो आधी काढलेला फोटो आहे. कण्यावर एक छोटी चौकट घट्ट बसवतात, तिच्यावर चकाकणाऱ्या गोळ्या असतात, वरचा कॅमेरा त्या गोळ्या पाहतो आणि त्यावरून फोटो माणसावर बसवतो. गोळ्या हलल्या, झाकल्या गेल्या, मळल्या, तर माणूस एकीकडे आणि फोटो दुसरीकडे. "अन् पडदा तसाच हिरवा राहते, सगळं बरोबर म्हनत. त्याले लाज नसते."

ते खरं ठरलं खंडेनवमीनंतर.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपण सगळ्या यंत्रांची पूजा केली. दरवर्षी करतो तशी. झेंडूचे हार मी राजुऱ्याच्या बाजारातून आणले होते, ते माझं ठरलेलं काम होतं. संगीता सिस्टरने रोबोच्या हाताला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि त्या चौकटीवरच्या गोळ्यांना तेलात कालवलेला शेंदूर लावला. एकेका गोळीला एकेक टिकली. "देवाचे डोळे दिसतात न हो," ती म्हणाली. तुम्हीही हात जोडलेत. मीही जोडले. गोळ्या एकदाच वापरून टाकायच्या असतात हे आपल्या सगळ्यांना माहीत होतं, पण आपल्याकडे त्या पुन्हा पुन्हा वापरायची पद्धत वरून आलेली होती. सिस्टरने त्या नंतर स्पिरिटने पुसल्या. बुडाशी तेल राहिलं.

सणानंतरच्या पहिल्या शस्त्रक्रियेला देवाजीभाऊ होते. चामोर्शीकडचे, धान राखायच्या मचाणीवरून पडलेले. रानडुकरं आली म्हणून घाईत उतरायला गेले आणि पाठीवर आपटले. पाय शाबूत होते. तुम्ही सुरुवातीला टोकदार दांडी ओळखीच्या हाडावर टेकवून पाहिलीत, पडदा तेच हाड दाखवत होता. मग काम सुरू झालं, पाणी मारलं गेलं, ते तेल सुटलं आणि गोळ्यांवर पसरलं. कॅमेऱ्याला त्या सरकलेल्या दिसल्या आणि फोटो माणसावरून सरकला. पडदा हिरवा. मधे पुन्हा एकदा हाडावर दांडी टेकवून पाहायची तुमची सवय होती. त्या दिवशी पाहिलं नाहीत.

सीटी मी केला. मॅडम, तो फोटो मी आयुष्यात विसरणार नाही. हाताची चूक मी पाहिली होती. ती वेडीवाकडी असते, एक इकडे, एक तिकडे. ही चूक कवायतीसारखी होती. सगळे स्क्रू सारखेच उजवीकडे सरकलेले. उजवे हाडाबाहेर निघाले होते आणि डावे आत, नसांच्या अंगाला. इतकी नीटनेटकी चूक माणसाच्या हातून होतच नाही.

तुम्ही वॉर्डात गेलात. मी मागे. देवाजीभाऊंना म्हणालात, "पायाचे अंगठे वर करा जी." उजवा वर आला. डावा तिथेच.

व्यवस्थापक साहेब तोवर पोहोचले होते. त्यांनी तुम्हाला दारात गाठून हळू आवाजात सांगितलं की सूज आहे म्हणायचं, होते अशी सूज, पुन्हा आत न्यायचं तर तसंच सांगून न्यायचं. तुम्ही त्यांच्या अंगावरून आत आलात, खाटेच्या कडेवर बसलात.

"भाऊ, माह्याकडून चूक झाली. स्क्रू सरकून बसले. मी मशीनवर भरोसा ठेवला, मधे पाह्यलं नाई. पुन्हा उघडा लागते."

देवाजीभाऊ म्हणाले, "मशीन काऊन चुकली बाई? एवढी मोठी मशीन?"

"तिच्या डोळ्याले शेंदूर लागला होता."

"मंग त देवच कोपला म्हना."

"देव नाई कोपला जी. मीच पाह्यलं नाई."

दुसऱ्या वेळी तुम्ही ते स्क्रू हाताने बसवलेत. संगीता सिस्टर स्वच्छतागृहात जाऊन रडत होती, तिला तुम्ही बाहेर बोलावून सगळ्यांसमोर सांगितलंत, "पूजा करायची त मशीनच्या पायाची करा. डोळ्याची नको." तेव्हापासून हार चाकाला घालतात. देवाजीभाऊंचा पाय बराचसा परतला, पूर्ण नाही. काठी राहिली.

आणि त्याच दिवसापासून तुम्ही दवाखान्याला नकोशा झालात. चुकलात म्हणून नाही. सांगितलंत म्हणून.

आता आपलं ते भांडण, जे संपलं नाही. त्यानंतर तुम्ही हट्ट धरलात की प्रत्येकाचा, अगदी प्रत्येकाचा, शस्त्रक्रियेनंतर सीटी झालाच पाहिजे. मी विरोध केला. मी म्हणालो, मॅडम, ज्याला काही त्रास नाही, त्याच्या अंगातून पुन्हा किरणं का घालायची? मला शिकवलंय ते हेच, की गरजेशिवाय बटण दाबू नये. पाय हलतोय, नस शाबूत आहे, मग स्क्रू किंचित कडेला असला काय नि नसला काय, त्याने माणसाला फरक पडत नाही, हेही तुम्हीच शिकवलंत.

तुम्ही चिडून म्हणालात, "फरक पडत नाई हेही पाह्यल्यावरच सांगता येते न?"

"म्हणजे तुमच्या मनाच्या समाधानासाठी पेशंटने किरणं खायची?"

तुम्ही गाडीची किल्ली उचललीत. मग म्हणालात, "न पाहिलेला स्क्रू नेहमी बरोबरच असतो, इम्तियाज. त्याच्यासारखा अचूक स्क्रू जगात नाही." आणि निघून गेलात, गडचिरोलीच्या शिबिराला.

आजही मला वाटतं माझ्या म्हणण्यात तथ्य होतं. कमी किरणांत पाहता येतं, निवडून पाहता येतं, काही वाट निघाली असती. पण वाट काढायला दोन माणसं लागतात. त्याच संध्याकाळी परतताना, मागचे दिवे नसलेला एक ट्रक रस्त्यात बिनधास्त उभा होता आणि तुमच्या ड्रायव्हरला तो दिसला नाही.

तुमचा शेवटचा सीटी मीच केला. दुसऱ्या कोणी करू नये म्हणून मी उभा राहिलो. मी पाहिलं, मॅडम. नीट पाहिलं. न्यूरोसर्जन शेजारी होते, त्यांनी विचारलं, "काय दिसतं?" मी 'थोडंसं' म्हटलं नाही.

मला तुमचा राग येतो. हे शोकसभेत बोलता येत नाही, इथे लिहितो. तुम्ही मला पाहायला शिकवलंत, पण सीटीच्या आदेशावर सही डॉक्टरची लागते. तुमच्या सहीवर माझं पाहणं चालत होतं. सही गेली आणि माझे डोळे बिनकामाचे झाले. तुम्ही गेल्याच्या आठवड्यातच तोंडी निरोप आला, पेशंटची तक्रार असल्याशिवाय सीटी नाही. कारण काय दिलं माहीत आहे? किरणं. माझंच वाक्य, जसंच्या तसं. शनिवारची पाहणीही बंद. त्या वेळेला आता जाहिरातीची बैठक होते.

सभेच्या सकाळी व्यवस्थापक साहेबांनी मला बोलावलं. "इम्तियाज, तू दोन शब्द बोल. त्यांच्या सगळ्यात जवळचा तू." आणि हातात कागद दिला. शेवटची ओळ तीच, फाटकावरची.

मी म्हटलं, "सर, हे खरं नाही."

"अरे बाबा, कोण मोजायला बसलंय? मेलेल्या माणसाच्या चुका काढायच्या असतात का? तुले काही संस्कार आहेत की नाही?"

जगाची रीत तीच आहे, गेलेल्याबद्दल चांगलंच बोलावं. पण तुमचं चांगलं म्हणजे काय, हे त्या माणसाला कोणत्या भाषेत सांगावं? तुम्ही आयुष्यभर जे एक कमावलंत, तेच पुसून त्यावर हार घालायचा, आणि त्याला आदर म्हणायचं.

सभागृहात तुमच्या फोटोशेजारी रोबो आणून उभा केला होता. खरंच. दोघांना सारखेच हार. त्याच्या हाताला, अगदी कॅमेऱ्यापर्यंत. संगीता सिस्टरने माझ्याकडे पाहिलं, उठली, आणि भाषण चालू असताना त्याच्यावरचा हार काढून चाकाला घातला. कोणाला काही कळलं नाही.

देवाजीभाऊ पहिल्या रांगेत होते. कोणी बोलावलं नव्हतं, पेपरात वाचून आले होते. व्यवस्थापक साहेब बोलत होते, त्यांनी ती ओळ माझ्याआधी स्वतःच म्हणून टाकली, हात उंचावून : "एकही स्क्रू चुकला नाही!" टाळ्या पडायला लागल्या. देवाजीभाऊ काठीवर जोर देऊन उठले.

"साहेब, मंग माह्या पायाले काय झालं जी?"

टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. मागे कोणीतरी हसलं.

"बसा बाबा, बसा, नंतर बोलू."

"बसतो न. उभं राह्यलं की दुखते." पण बसले नाहीत. "बाईनं मले सोता सांगतलं होतं, चुकलं म्हनून. आमच्या गावात ज्याच्या हातून चुकते तो दोन वर्षं तोंड नाई दाखवत. बाई रोज येऊन माह्या अंगठ्याले हात लावून पाहे. म्हनून मी आलो. एकही नाई चुकला म्हन्ता, त मी काऊन आलो इथी?"

मग माझं नाव पुकारलं. मी कागद खिशातच ठेवला. म्हटलं, मॅडमचे स्क्रू चुकले होते, ते मी पाहिले आहेत, त्यांनीच मला ते मोठ्याने सांगायला शिकवलं. यंत्र चांगलं आहे. यंत्र चुकतं तेव्हा सगळं एकदम आणि एका रांगेत चुकतं, आणि ते फक्त पाहिल्यावर कळतं. हे बोलेपर्यंत माइक बंद झाला होता. पुढच्या चार रांगांनी ऐकलं असेल.

तुम्हाला वाटेल, मी जिंकलो. नाही, मॅडम. फ्लेक्स आजही तिथेच आहे. मला कोणी काढलं नाही, कोणी रागावलंही नाही. साहेब उलट खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भावनेच्या भरात होतं असं." यापेक्षा शिवी बरी.

काल तुमच्या जागी आलेल्या नवीन डॉक्टरांनी पहिली शस्त्रक्रिया केली. हात चांगला आहे त्यांचा, माणूसही वाईट नाही. राजुऱ्यापलीकडच्या गावातल्या सोनाबाई, विहिरीच्या काठावरून घसरलेल्या. सगळं हिरवं. बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले, "परफेक्ट." सगळे म्हणाले, परफेक्ट. सोनाबाईंना माझ्या दारावरूनच वॉर्डात नेलं. माझं सीटीचं यंत्र सुरू होतं, रिकामं होतं. मी विचारलं, "सर, एक सीटी?" ते म्हणाले, "कम्प्लेंट काही नाही ना? मग कशाला? पॉलिसी माहीत आहे तुला." तेही बरोबरच म्हणाले. मीच तर म्हणायचो.

आज सकाळी मी वॉर्डात गेलो. माझं तिथे काम नव्हतं. सोनाबाई जाग्या होत्या.

"बाई, पायाचे अंगठे वर करा जी."

त्यांनी केले. दोन्ही वर आले. डावा जरा उशिरा आला, असं मला वाटलं. की मलाच तसं वाटून घ्यायचं होतं, कोण जाणे.

"तू पेटीवाल्याचा पोरगा होय न?" त्या म्हणाल्या. "तुह्या बापाची पेटी हाय माह्याकडं, लग्नातली. अजून कडी पक्की हाय तिची."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. माझ्या तोंडाकडे निरखून पाहत होत्या.

"काऊन रे भाऊ, पायाकडं पाहून राह्यला? काई चुकलं का?"

दारात सिस्टर उभी होती. मला म्हणता आलं असतं, नाही बाई, सगळं छान आहे. पडद्यावर तसंच होतं.

"मालूम नाई बाई," मी म्हटलं. "पाह्यलंच नाई."

"काऊन नाई पाह्यलं?"

"पेशंटनं म्हटल्याशिवाय पाहत नाईत आता."

सोनाबाईंनी उशाशी असलेल्या मुलीला कोपराने ढोसलं आणि डॉक्टरांना बोलावून आणायला पाठवलं.

"मी म्हटलं न," त्या मला म्हणाल्या. "पाहा मंग."